बसवणाऱ्याने तपासू नये

घरच्या नंबराच्या दिवशी चष्म्यांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर करायचं, हा आजोबांचा नियम. पूर्ण वर केलं तर गिऱ्हाईक आत येतं, आणि पूर्ण खाली ठेवलं तर शेजारी विचारायला येतात की कोण गेलं. अर्ध्या शटरखालून उजेड येत राहायचा आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत घरातल्या प्रत्येकाचे डोळे तपासले जायचे. क्रम वयाचा नव्हता. घरात आल्याचा होता, मग आलेलं माणूस जन्माने आलेलं असो की लग्नाने. चष्मेवाल्यांच्या घरातच दिव्याखाली अंधार असतो, हे आजोबांना स्वतःच्या बायकोवरून कळलं होतं; ती बिचारी बारा वर्षं सासूचा चष्मा लावून तांदूळ निवडत होती. तेव्हापासून वर्षातून एकदा हा दिवस पाळला जातो.

आजोबा जाऊन सोळा वर्षं झाली. काउंटरच्या मागे त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी मात्र अजून आहे: 'बसवणाऱ्याने तपासू नये.' म्हणजे ज्याने फ्रेममध्ये काच बसवली, त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्याने तपासायची आणि पाकिटावर सही करायची. आपली चूक आपल्याला दिसत नसते, असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि त्यांची चूक दाखवणाऱ्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत.

यंदा धाकटी, म्हणजे आजोबांची नात, वरच्या मजल्यावरून खाली उतरली तेव्हा तिची बॅग भरून झाली होती आणि पलंगाखाली सरकवलेली होती. उद्या सकाळी सातची गाडी होती. दुसऱ्या शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तिला तपासनीस म्हणून घेतलं होतं. आजच्या जेवणात ती हे सगळ्यांना सांगणार होती, आणि 'नोकरी' हा एकच शब्द वापरणार होती. 'नवऱ्याला सोडून' हे शब्द तिने स्वतःशीसुद्धा उच्चारले नव्हते.

तिच्या मनातलं फक्त आत्याला माहीत होतं. महिन्यापूर्वी आत्याने तिला सरळ विचारलं होतं, मारतो का, पितो का, दुसरी कोणी आहे का. तिन्ही प्रश्नांना धाकटीने मान हलवून नाही म्हटलं. मग झालं तरी काय, असं आत्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली की काहीच होत नाही, हेच झालंय.

आणि हे कुणाबद्दल, तर शून्यरावांबद्दल. जावयाचं हे नाव आत्यानेच ठेवलेलं. नऊ वर्षांपूर्वी हा जमीन मोजणारा सरकारी माणूस दुकानात डोळे तपासायला आला. तपासणाऱ्या खुर्चीपाशी धाकटी होती. नंबर निघाला शून्य. आठवड्याने तो पुन्हा आला, म्हणाला अंधुक दिसतं. पुन्हा शून्य. असा तो सहा वेळा आला आणि बिननंबरी काचांचे तीन चष्मे घेऊन गेला. सातव्या वेळी बाबांनीच त्याला बाजूला घेऊन विचारलं की तुम्हाला चष्मा हवाय की दुसरं काही. पुढे लग्न झालं, त्याने मोजणीची नोकरी सोडली, बाबांच्या हाताखाली काचा घासायला शिकला आणि बघता बघता त्यांच्याहून सफाईने घासायला लागला. लग्नाची ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की आता ती ऐकताना धाकटीला दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न आठवल्यासारखं वाटायचं.

तेव्हा तो समोर बसला की तिच्या हातातली मोजपट्टी थरथरायची. आता तो समोर बसला की तिला आठवायचं, गॅस संपत आलाय.

*

पहिला मान बाबांचा, पण त्यांनी यंदा 'आधी तुम्ही उरका' म्हणून अंग काढून घेतलं आणि कारखान्यात, म्हणजे दुकानामागच्या लांबट खोलीत, उगीच स्क्रू निवडत बसले. आत्याचा नंबर धाकटीने घेतला, आईचा आत्याने घेतला. मग धाकटी खुर्चीत बसली आणि आत्याने दार लोटून घेतलं.

आत्या तीस वर्षं हेच काम करत होती. तिची रीत ठरलेली: आधी वापरातला चष्मा लेन्समीटरवर ठेवायचा, काचेचा नंबर बघायचा, मग माणसाकडे वळायचं. तिने धाकटीचा गोल फ्रेमचा चष्मा ठेवला, चाक फिरवलं, तिच्या नंबराच्या कार्डावर नजर टाकली आणि पुन्हा चाक फिरवलं. कार्डावर उजव्या डोळ्याचा नंबर सव्वा होता आणि डाव्याचा पावणेदोन. चष्म्यात उजवीकडे पावणेदोनची काच होती आणि डावीकडे सव्वाची.

चष्मा दोन महिन्यांपूर्वीचा होता. शून्यरावांनी स्वतः बनवून, कापडात गुंडाळून बायकोला वर नेऊन दिला होता. आत्याला पहिल्यांदा हसूच आलं, मग ते मावळलं. दोन महिने ही पोर डोकं धरून बसत होती. संध्याकाळी पडदे ओढून झोपत होती. त्याचं कारण हे होतं तर. पण आत्याने तिला स्वतः शिकवलं होतं. परक्याच्या नाकावरचा चष्मा लांबून बघून काच कितीची असेल ते ही पोर सांगायची.

"तुला कधी कळलं?" आत्याने विचारलं.

धाकटी समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. तक्त्यावरचा दिवा चालूच होता.

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

"आणि दोन महिने तसाच घातलास?"

"त्याच्या लक्षात येतंय का बघत होते. रोज समोर बसून जेवतो. रोज विचारतो, डोकं कसंय. एकदाही म्हणाला नाही, चष्मा दे बघू. शून्य नंबर घेऊन सहा वेळा माझ्या डोळ्यांत बघायला येणारा माणूस, आत्या. आता खरंच बिघडलं होतं, तर त्याने बघितलं नाही."

आत्या स्टुलावर बसली. महिनाभर ती मनाने धाकटीच्या बाजूने होती. गाडीचं तिकीटसुद्धा तिनेच काढून आणलं होतं. आता तिला वाटलं, आपण घाई केली. तिने स्वतःही घाईच केली होती. ती गोष्ट घरात कुणी काढत नसे, म्हणून तिनेच काढली. लग्नाआधी तिच्या नवऱ्याच्या सायकलची घंटा ऐकली की ती हातातलं काम टाकून दारात धावायची. लग्नानंतर सातव्या महिन्यात एका सकाळी घंटा वाजली, आणि तिला वाटलं दूधवाला आला. त्याच आठवड्यात ती माहेरी आली ती कायमची.

"मला वाटलं, संपलं," आत्या म्हणाली. "संपलं होतं की दुसरं काही सुरू होणार होतं, ते मला माहीत नाही. बघायला मी थांबलेच नाही. त्यामुळे मला त्याबद्दल काही विचारू नकोस. पण एक सांगते. मी त्याची परीक्षा घेतली नव्हती. उठले आणि आले. तू दोन महिने प्रश्नपत्रिका नाकावर घालून फिरलीस, आणि त्या बिचाऱ्याला परीक्षा आहे हेच माहीत नाही."

धाकटीला हे लागलं. आत्या चष्मा हातात घेऊन उठली, कारण घरात चूक सापडली की सहीचं पाकीट काढून बघायचं, हाही नियमच होता.

*

कारखान्यात लांब टेबलाच्या एका टोकाला घासायचं यंत्र होतं आणि दुसऱ्या टोकाला तपासायची जागा: एक लेन्समीटर, खाली ओढता येणारा दिवा आणि तयार चष्म्यांचा ट्रे. आत्याने काय सापडलं ते दोन वाक्यांत सांगितलं.

बाबांच्या शून्यरावांशी बोलायच्या दोन तऱ्हा होत्या. वर घरात जावई म्हणून 'तुम्ही', आणि खाली कारखान्यात शिष्य म्हणून 'तू'. आठ वर्षांत यात कधी गल्लत झाली नव्हती. आज ते टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "तुम्ही घरात चष्मा करताय की बाजारात खेळणी विकताय?" कारखान्यात 'तुम्ही' ऐकताच शून्यराव यंत्रापासून उठले.

शून्यरावांनी चष्मा हातात घेतला, जरा लांब धरला, खाली ठेवला. कोरी काच कंपनीच्या पाकिटातून येते आणि त्या पाकिटावर बारीक अक्षरात नंबर छापलेला असतो. तो वाचण्यात आपली गफलत झाली असणार, असं ते म्हणाले. त्यांना चुकीपेक्षा त्या दोन महिन्यांचं जास्त लागत होतं. तिचं डोकं दुखतं म्हणून त्यांनी बेडरूममधला दिवा बदलला होता, पलंगाचं तोंड खिडकीपासून फिरवलं होतं, संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला होता, डॉक्टरला दोनदा घेऊन गेले होते. एवढं सगळं केलं आणि चष्म्याकडे पाहिलं नाही. तिच्यासाठी इतक्या जपून केलेला चष्मा चुकेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बसवला मी," ते म्हणाले. "चूक माझी."

"बसवणारा चुकतोच," बाबा म्हणाले. "म्हणून तर तपासणारा असतो. तपासला कुणी? काढा पाकीट."

आत्याने खणातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते दिव्याखाली धरलं, मग खिडकीकडे नेलं, मग हात लांब करून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही माझी सही नाही," ते म्हणाले.

"तुमचीच आहे," आई म्हणाली.

ती दारात उभी होती, हात पदराला पुसत. तिच्या आवाजात राग नव्हता. ती पुढे आली, नवऱ्याच्या हातातून पाकीट घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मग जे इतके दिवस सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं, आणि भाजी सांगावी तितक्या सरळपणे सांगितलं. यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, डाव्यातही सुरू झालाय. दोन वर्षांपूर्वी घरच्या नंबराला तो आत्याला दिसला. दोघींनी ऑपरेशनचं टुमणं लावलं, यांनी आज-उद्या केलं, आणि पोरांना सांगू नका म्हणाले.

"पण वहिनी," आत्या म्हणाली, "तू मला म्हणाली होतीस, दादाने तपासणं बंद केलंय."

"बंदच होतं. ते नुसती सही करत होते."

"मग तपासत कोण होतं?"

"मी," आई म्हणाली. दुपारी जेवून बाबा तासभर आडवे झाले की ती खाली यायची. सकाळचा सगळा ट्रे पुन्हा लेन्समीटरवर चढवायची. दीड वर्षात अकरा चष्मे चुकलेले सापडले, ते तिने गुपचूप यंत्रावरच्या कारागिराकडे, म्हणजे जावयाकडेच, 'गिऱ्हाइकाने बदलून मागितलाय' म्हणून परत पाठवले. दुकानातून चुकीची काच बाहेर गेली नाही. फक्त हा एक चष्मा ट्रेमध्ये दुपारपर्यंत थांबलाच नाही, जावईबापू कौतुकाने तो लगेच वर घेऊन गेले.

आत्या वहिनीकडे बघत राहिली. नणंद-भावजयीचं इतक्या वर्षांचं गूळपीठ, एकमेकींपासून काही लपवायचं नाही असं ठरलेलं, आणि ही बाई दीड वर्ष तिला बनवत होती. आत्याने तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी दादाला तोंडावर सांगितलं असतंस.

आता सगळे बाबांकडे बघत होते. ते मान खाली घालतील किंवा भडकतील, यापैकी काहीतरी होणार होतं. बाबा खुर्चीत बसले आणि दिव्याच्या दोरीशी खेळू लागले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?" आईने विचारलं. आज पहिल्यांदाच तिचा आवाज बदलला.

"ट्रे मी उजवीकडे ठेवून वर जातो. खाली येतो तेव्हा तो डावीकडे असतो. या घरात डावखुरी तू एकटी." ते जरा थांबले. "पहिल्या आठवड्यातच कळलं. मग मीच दिवा खाली ओढून ठेवायला लागलो. तुझा हात पुरत नाही ना. आणि झोपत कसला होतो, पडून असायचो. तू वर आलीस की मग उठायचं."

आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते आत्याला कळेना. बहुधा तिलाही कळत नसावं. दीड वर्ष रोज दुपारी ती चपला हातात घेऊन, पायरी वाजू न देता उतरत होती, आणि वर हा माणूस तिच्यासाठी डोळे मिटून पडला होता.

*

धाकटीला मात्र हे पाहून गहिवरून आलं नाही. तिला राग आला. अंधाऱ्या खोलीच्या दारातून तिने सगळं ऐकलं होतं.

"दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलला नाहीत," ती म्हणाली. "याला काय म्हणायचं? मला नाही जमणार असं. मला कुणीतरी माझ्याकडे बघायला हवंय, आणि ते मला दिसायला हवंय." आणि मग, जेवणापर्यंत थांबायचं ठरलेलं असूनही, ती सगळं बोलून मोकळी झाली. दवाखाना, नोकरी, उद्याची सातची गाडी. 'नोकरी' हा शब्द तिने दोनदा वापरला, पण कुणी फसलं नाही.

शून्यराव यंत्राचा पट्टा पुसत होते, ते पुसत राहिले.

"तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली. तिने त्यांचा चेहरा पाहिला होता.

"झाडताना बॅग लागली हाताला. तीन दिवस झाले."

तिला एकदम काहीतरी आठवलं. काल संध्याकाळी बॅगेची चेन न अडकता सरळ बंद झाली होती. ती चेन लग्नापासून अडकायची.

"चेन तू दुरुस्त केलीस?"

"अडकत होती," ते म्हणाले. "वाटेत तुटली असती तर पंचाईत झाली असती."

"थांब म्हणावंसं नाही वाटलं?"

"वाटलं. रोज वाटलं. पण तू विचारून जात असतीस तर थांब म्हटलं असतं. न विचारता जाणाऱ्याला कसं म्हणायचं, ते मला सुचलं नाही. मग हातात पक्कड घेतली."

धाकटीला त्या क्षणी त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. यातलं काहीही न करता ती जिन्याकडे गेली.

आई तिच्यामागून आली आणि चौथ्या पायरीवर तिच्याशेजारी बसली. मग आईने ती गोष्ट काढली जी धाकटीला अर्धवट माहीत होती: धाकटी तीन वर्षांची असताना आई तिला घेऊन चार महिने माहेरी जाऊन राहिली होती. भांडण वगैरे काही नव्हतं. एका सकाळी नवरा समोर बसून दात कोरत होता आणि तिला वाटलं, हा माणूस कोण आहे, आणि मी इथे का आहे.

"मग परत का आलीस?" धाकटीने विचारलं.

"लोकांना सांगितलं, पोरीसाठी. खरं सांगू का? तिकडे माझा चष्मा तुटला. तिथल्या दुकानात नवा करून घेतला. काम चांगलं होतं, तुझ्या बाबांपेक्षा चांगलं. पण नाकाला टोचायचा. माझं नाक उजवीकडे जरा वाकडं आहे, तुला माहीत आहे का? नाही ना. कुणालाच माहीत नाही. तुझे बाबा न बोलता उजवी पट्टी वाकवून देतात. आता त्या परक्या माणसाला कुठे सांगत बसू, माझं नाक वाकडं आहे म्हणून? एक आठवडा टोचून घेतलं, मग आले."

धाकटीला हसू आलं. "नाकासाठी आलीस."

"हस. पण सुरुवातीचा तो बहर असतो ना, तो जातोच गं. माझा दोनदा गेला. एकदा परत आला, तू दहावीत असताना, घरात पाहुणे असताना, भलत्याच वेळी. दुसऱ्यांदा गेला तो आला नाही, आणि मी वाट बघायचीही विसरले. सवय झाली म्हणून राहिले असं समजू नकोस. सवय पायपुसण्याचीपण होते. पण यांचं काही बिघडलं की मला चैन पडत नाही, आणि माझं बिघडलं की यांना. एवढं आहे. याला तू काय म्हणायचं ते म्हण."

"पण बोलला नाहीत तुम्ही."

"चुकलंच. यांचा मोतीबिंदू पिकवून ठेवला माझ्या लाडाने. पण बाळ, मी गप्प राहिले ती त्यांची चूक चारचौघांत उघडी पडू नये म्हणून. तू गप्प राहिलीस ती त्याची चूक पकडायला. डोकं मात्र तुझंच दुखलं." आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "जायचं तर जा. मी अडवणार नाही, तुझी आत्या तर तिकीट काढून बसलीय. पण एक नंबर राहिलाय आजचा. तो घेऊन जा."

*

खाली बाबा स्वतःहून तपासायच्या खुर्चीत जाऊन बसले होते. आत्याला म्हणत होते, घे माझा नंबर, आणि आहे तसा लिही. आत्याने आहे तसा लिहिला, आणि डॉक्टरची वेळ परवाची ठरवून टाकली. मग त्यांनी जागा रिकामी केली आणि घरात सगळ्यांत शेवटी आलेला माणूस खुर्चीत बसला. धाकटीने दार लोटलं.

दूरचा तक्ता त्यांनी नेहमीसारखा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शून्य. मग तिने जवळचं वाचायचं कार्ड दिलं. ते कार्ड आजोबांनी छापून घेतलेलं. 'रस्त्याच्या कडेला एक झाड होते. झाडाखाली एक वाटसरू विसावला होता.' शून्यरावांनी ते घडाघडा म्हटलं, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. धाकटीने मान डोलावली आणि शून्य लिहायला पेन उचललं. मग तिचा हात थांबला. हे कार्ड घरात कुणाला पाठ नव्हतं? तिला स्वतःला ते पहिलीपासून पाठ होतं. आणि हा माणूस तर सहा वेळा इथे बसला होता, कार्ड हातात धरून तिच्याकडे बघत.

तिने कार्ड काढून घेतलं, आणि कोऱ्या काचेचं एक पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"हे वाच."

त्यांनी पाकीट डोळ्यांसमोर धरलं. मग थोडं लांब नेलं. मग हात पूर्ण लांब केला.

"दिवा कमी आहे इथे," ते म्हणाले.

"दिवा तोच आहे," धाकटी म्हणाली. "किती दिवस झाले असं होऊन?"

त्यांनी विचार केला. दोनेक वर्षं असतील. वय बेचाळीस, हाताला अंदाज आहे म्हणून काम भागत होतं. चाळिशी लागलीय हे त्यांना कळलं होतं, पण शून्यराव नाव पडलेल्या माणसाने नंबर लागला म्हणून कसं सांगायचं. आणि घरात सासऱ्यांचे डोळे तर आधीच गेलेत, असं त्यांना वाटायचं. गिऱ्हाइकं चष्मे बदलून मागतात ती सासूबाईंचीच करामत, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं.

धाकटी कपाळाला हात लावून हसली. टेबलाच्या एका टोकाला न दिसणारा बसवत होता आणि दुसऱ्या टोकाला न दिसणारा तपासत होता, आणि वर आजोबांची पाटी. मग ती हसायची थांबली. त्याने बघितलं नाही, असं ती दोन महिने म्हणत होती. त्याला जवळचं दिसतच नव्हतं, आणि तिनेही ते बघितलं नव्हतं.

"उद्याची गाडी सोडते मी," ती म्हणाली. "नोकरीचं काय करायचं ते माहीत नाही. आपलं काय करायचं तेही नीट माहीत नाही. पण तुझा चष्मा करून झाल्याशिवाय जाता येणार नाही."

त्यांनी मान डोलावली. खुर्चीच्या हातावरची त्यांची पकड सैल झाली.

तिने खणातून मोजपट्टी काढली. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं तर समोरासमोर बसावं लागतं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. "माझ्या डाव्या डोळ्यात बघ," ती म्हणाली. नऊ वर्षांपूर्वी हेच वाक्य म्हणताना तिची पट्टी हलली होती आणि तीन वेळा मोजून तीन वेगळे आकडे आले होते. आज पट्टी हलली नाही. चौसष्ट. तिने आकडा लिहिला, तपासायची जड फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली, चौसष्टवर आणली, आणि पेटीतून एक नंबरच्या दोन काचा काढून त्यात बसवल्या.

"आता वाच."

त्यांनी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, नंबर वाचला, खालची कंपनीची ओळसुद्धा वाचली. मग पाकीट खाली ठेवून वर पाहिलं. ती अजून तेवढीच जवळ बसली होती, चष्मा नसलेली. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"तुझे डोळे लाल झालेत," ते म्हणाले. "कधीपासून?"

"दोन महिने झाले," ती म्हणाली. मोजून झालं होतं, लिहून झालं होतं, बाहेर आई जेवायला हाक मारत होती. तो अजून बघत होता, म्हणून ती उठली नाही.